बंदुकीचा टेकू

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने एक बार काढला. टेनिसचं विम्बल्डन सुरू व्हायला अजून सतरा वर्षं होती. त्या दिवशी तिथे ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धांचं उद्घाटन होतं. टार्गेट ४०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६५ मीटरवर होतं. राणीने बंदूक खांद्याला लावलीच नाही. आतून षट्कोनी नळी असलेली व्हिटवर्थ रायफल एका यांत्रिक स्टँडवर आधीच रोखून बसवली होती. चापाला बांधलेली रेशमी दोरी राणीच्या हातात दिली गेली, तिने ती ओढली आणि गोळी बुलच्या, म्हणजे टार्गेटच्या मधल्या वर्तुळाच्या, मध्यापासून दीड इंचाच्या आत जाऊन बसली.

त्या नेमात राणीचा वाटा दोरी ओढण्यापुरता. नळी कुठे रोखायची हे रायफलचा कर्ता जोसेफ व्हिटवर्थ याच्या बाजूने आधीच ठरलं होतं आणि ती तिथेच राहील याची हमी त्या स्टँडने घेतली होती. व्हिटवर्थ रायफलवर पुढे पानंच्या पानं लिहिली गेली, स्टँडचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला जातो. आजही तेच चालू आहे. रायफल घेणारा माणूस रायफलवर, दुर्बिणीवर, काडतुसांवर महिनोन्महिने विचार करतो. ती झिरो करताना कशावर टेकवायची हा प्रश्न त्याला रेंजवर पोचल्यावर आठवतो आणि मग पाठीवरची सॅक नाहीतर गुंडाळलेलं जॅकेट पुढे येतं. हा टेकू, म्हणजे रेंजवरच्या भाषेतली ‘रेस्ट’, मला रायफलच्या बरोबरीने महत्त्वाचा वाटतो. झिरोचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा असतो.

झिरो करणं म्हणजे काय, हे ज्यांनी एनसीसीत पॉइंट टू-टूने ग्रुपिंग केलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. दुर्बीण नळीच्या दीड-दोन इंच वर बसलेली असते, तेव्हा डोळ्याची रेषा एक आणि नळीची दुसरी. त्यात गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडायला लागते. म्हणून नळी नजरेच्या रेषेला किंचित वर रोखलेली ठेवतात आणि गोळी व नजर ठरावीक अंतरावर एकमेकींना भेटतील असं बघतात. त्यासाठी एकाच बिंदूवर तीन किंवा पाच गोळ्या झाडायच्या, पडलेल्या भोकांच्या पुंजक्याचा, म्हणजे ‘ग्रुप’चा, मध्य काढायचा, तो बिंदूपासून किती सरकला आहे ते मोजायचं आणि दुर्बिणीचे क्लिक तेवढे फिरवायचे. बहुतेक दुर्बिणींवर एक क्लिक म्हणजे कोनाचं पाव मिनिट, १०० मीटरवर सुमारे सात मिलिमीटर.

आता त्या पाच भोकांमध्ये कोण कोण आहे ते बघा. रायफलचा स्वतःचा फैलाव आहे, काडतुसांमधला फरक आहे, वारा आहे आणि माणूस आहे. श्वास, छातीतली धडधड, खांद्याचा दाब, बार होण्याआधीच आवळलेलं अंग या सगळ्यांनी आपापलं भोक पाडलेलं असतं. नवख्या माणसाच्या बाबतीत या यादीत माणूसच सर्वात वर असतो. मग तो क्लिक फिरवतो तेव्हा रायफल दुरुस्त होत नाही, त्या दिवशीच्या त्याच्या थकव्यावर दुर्बीण बसवली जाते. पुढच्या आठवड्यात थकवा वेगळा, झिरोही वेगळा. काडतुसं संपतात आणि दोष दुर्बिणीला लागतो. रेस्टचा जन्म या गोंधळातून माणसाला बाजूला काढण्यासाठी झाला.

बंदूक टेकवून मारायची चाल अर्थात फार जुनी. सोळाव्या-सतराव्या शतकातले युरोपातले शिपाई जड तोडेदार बंदुका दुबेळकी काठीवर ठेवून मारत. तिबेटी बंदुकांना शिंगांचे दोन पाय जोडलेले असत. आपल्या किल्ल्यांच्या तटातल्या तिरक्या जंग्यांमध्ये बंदुकीची नळी टेकवूनच बंदूकची खालच्या उतारावर मारा करत. पण तिथे प्रश्न ओझ्याचा आणि आडोशाचा होता. बंदूक काय करते आणि माणूस काय करतो हे वेगवेगळं मोजावं, असं कुणाच्या मनात येण्याची गरजच नव्हती, कारण त्या गुळगुळीत नळ्यांचा फैलावच एवढा मोठा होता.

हा प्रश्न व्हिटवर्थला पडला, कारण तो मुळात बंदूकवाला नव्हता. तो मँचेस्टरचा यंत्रनिर्माता. १८४१ मध्ये स्क्रूच्या आट्यांचं प्रमाण त्याने सुचवलं आणि पुढे ते ब्रिटनभर रूढ झालं. ब्रिटिश सरकारने १८५० च्या दशकात त्याला सैन्याच्या एन्फिल्ड रायफलीचं उत्पादन सुधारण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने आधी चाचणीसाठी जागा मागितली. रशोम इथल्या आपल्या घराच्या आवारात त्याने ५०० यार्ड लांबीची छप्पर घातलेली गॅलरी उभारली, जेणेकरून वारा हिशेबातून जावा. पहिली गॅलरी वादळाने पाडली, ती त्याने पुन्हा बांधली. मोजायचं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं, ही कारखान्यातली शिस्त त्याने बंदुकीला लावली.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ इथल्या चाचण्यांत ५०० यार्डांवर एन्फिल्डचं सरासरी विचलन २.२४ फूट आलं, व्हिटवर्थच्या रायफलीचं ०.३७ फूट. एक सव्वादोन फुटांची आणि दुसरी साडेचार इंचांची. पुढच्याच महिन्यात मेरठला उठाव झाला आणि ज्या एन्फिल्डला व्हिटवर्थने हरवलं होतं तिच्याच काडतुसांचं नाव आपल्या इतिहासात कायमचं नोंदलं गेलं. खर्चापायी आणि अरुंद नळीत काजळी लवकर साचते या कारणावरून ब्रिटिश सैन्याने व्हिटवर्थची रायफल सर्रास स्वीकारली नाही. पण टेकूवरून मोजून मग बोलायची त्याची रीत टिकली.

ही रीत टोकाला नेणारा माणूस अमेरिकेत निघाला. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मिलफर्ड गावचा डॉ. फ्रँकलिन मान. शिकून डॉक्टर झाला, पैसा मिळवला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं बारीक करणाऱ्या यंत्रावर आणि तो सगळा घातला एका प्रश्नावर: एकाच नळीतून, एकाच मापाच्या बारुदाने सुटलेल्या दोन गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत? रेंजवर त्याने जमिनीत खोल काँक्रीटचा खांब रोवला आणि त्याला नाव दिलं ‘शूटिंग जिब्राल्टर’. गोळीच्या वाटेत कागदाचे पडदे उभे करून ती कुठे कशी डुलते याच्या नोंदी ठेवल्या. १९०९ मध्ये ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ या नावाने ते सगळं पुस्तकात आणलं.

त्या काँक्रीटच्या खांबावर त्याने नळी जखडली असेल असं कुणालाही वाटेल. त्याने तसं केलं नाही. दस्ता, लाकूड सगळं काढून टाकलं, नळीला नेमकी गोल कडी बसवली आणि ती कडी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या खाचेत नुसती ठेवली. बार झाला की नळी खाचेतून सरळ मागे घसरायची. पुन्हा पुढे ढकलली की स्वतःच्या वजनानेच खाचेच्या तळाशी, पहिल्या जागी येऊन बसायची. आजही काडतूस कारखान्यांत चाचणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जाड नळ्यांना ‘मान बॅरल’ म्हणतात. मला मानचं मोठेपण त्या खाचेत दिसतं. जमीन हलू नये म्हणून त्याने हवं ते केलं, पण नळीला मात्र सुटायची मोकळीक ठेवली. रेस्ट निवडताना लोक जी चूक करतात ती नेमकी उलटी असते. टेबल डुगडुगतं, आणि रायफल मात्र आवळून धरलेली.

मानने मोकळीक का ठेवली, हे समजायला थोडा हिशेब मांडावा लागेल. धक्का गोळी निघून गेल्यावर बसतो असा पुष्कळांचा समज असतो. खांद्याला तो उशिरा जाणवतो, म्हणून तसं वाटतं. प्रत्यक्षात गोळी पुढे सरकायला लागली त्याच क्षणी रायफल मागे सरकायला लागलेली असते. चार किलोची रायफल, दहा ग्रॅमच्या आसपासची गोळी, तीन ग्रॅम बारूद आणि दोन फुटांची नळी धरली, तर गोळी तोंडाशी पोचेपर्यंत रायफल दीड ते दोन मिलिमीटर मागे आलेली असते. याला लागणारा वेळ एक-दीड मिलिसेकंद. शिवाय दस्ता नळीच्या रेषेखाली असल्यामुळे धक्का नुसता मागे जात नाही, तोंड वर उचलतो. म्हणजे आपण रोखली ती नळी आणि गोळी सुटली ती नळी यांच्यात फरक पडलेलाच असतो. झिरो करताना आपण हा फरक धरूनच दुर्बीण लावतो. फरक आहे याचं काही बिघडत नाही. दरवेळी तो तेवढाच असला पाहिजे, आणि रेस्टकडून अपेक्षा एवढीच. कडक लाकडावर टेकवलेली रायफल त्या मिलिसेकंदात उसळते आणि सहसा वर मारते. मऊ पिशवीवर ती वेगळी वागते, हातात आणखी वेगळी.

दुनळी शिकारी रायफली बनवणाऱ्या ब्रिटिश कारागिरांना हे पक्कं ठाऊक होतं. दोन नळ्या शेजारी शेजारी झाळून जोडायच्या आणि दोन्हींच्या गोळ्या एकाच जागी लागल्या पाहिजेत, हे काम करणाऱ्या कारागिराला ‘रेग्युलेटर’ म्हणत. तो गोळ्या झाडून बघायचा, तोंडाजवळचं झाळकाम वितळवून मधली पाचर पुढे-मागे करायचा, पुन्हा झाडायचा. हे सगळं उभ्याने, पुढचा हात रायफलीखाली धरून आणि तो हात टेकूवर ठेवून. बंदूक थेट टेकूवर ठेवायची नाही, कारण ज्याच्यासाठी ती बनते तो ती हातातच धरून मारणार. या रायफलींचं एक मोठं गिऱ्हाईक होतं हिंदुस्थान. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सरकारने बंडखोरांच्या हाती मार्टिनी-हेन्रीची काडतुसं पडू नयेत म्हणून इथे पॉइंट फोर-फाइव्ह-झीरो बोअरवर बंदी घातली, आणि लंडनच्या बंदूकवाल्यांना केवळ या बाजारासाठी पॉइंट फोर-सेव्हन-झीरोसारखी नवी मापं काढावी लागली. आज ते सगळं संग्रहात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि ते योग्यच झालं. पण अशी जुनी दुनळी कुणी वाळूच्या पिशवीवर थेट ठेवून तपासली आणि दोन नळ्या दोन दिशांना मारतात अशी तक्रार केली, तर दोष रायफलीचा नसतो.

याचं घरगुती उदाहरण जत्रेतल्या फुग्यांच्या स्टॉलवर मिळतं. तिथली नळी मोडून छर्रा भरायची बंदूक स्प्रिंगवर चालते. चाप ओढला की आतला दट्ट्या पुढे झेपावतो, म्हणून बंदूक मागे सरकते. दट्ट्या टोकाला जाऊन थांबतो, तशी ती पुढे हिसकते. छर्रा अजून नळीतच असतो. दोन उलट धक्के आणि दोन्ही नेम ठरण्याच्या आत. म्हणून मोठ्या धक्क्याच्या रायफलींपेक्षा ही साधी बंदूक टेकवणीच्या बाबतीत जास्त नाजूक असते. वाळूच्या घट्ट पिशवीवर दाबून धरली की छर्रे विखुरतात. उघड्या तळव्यावर सैल ठेवली आणि तो तळवा पिशवीवर टेकवला की एकत्र येतात. ज्यांच्याकडे एअर रायफल आहे त्यांनी एकदा दोन्ही प्रकारे दहा-दहा छर्रे मारून बघावेत. वरचा सगळा हिशेब कागदावर दिसेल.

आता प्रत्यक्ष रेंजवरच्या टेबलाशी येऊ. आधी टेबल बघायचं, मग रेस्ट. सिमेंटचं बांधीव टेबल असेल तर उत्तम. लाकडी असेल तर चारपैकी एक पाय अधांतरी नाही ना हे बघा, कारण तीन पायांचं काहीही कधी डुगडुगत नाही आणि चार पायांचं बहुतेक वेळा डुगडुगतं. पुढचे चांगले स्टँड तीन पायांचे असतात ते याच कारणाने.

सर्वात साधी आणि माझ्या मते अजूनही सर्वात विश्वासू रेस्ट म्हणजे दोन पिशव्या. पुढची मोठी, नळीखालच्या लाकडाला म्हणजे फोरएंडला आधार देणारी. मागची लहान, दस्त्याच्या टोकाखाली बसणारी. मागच्या पिशवीच्या माथ्यावर सशाच्या कानांसारखे दोन उंचवटे असतात आणि दस्ता त्यांच्या मधल्या खोबणीत उतरतो. नेम थोडा वर-खाली करायचा झाला की नेमबाज मोकळ्या हाताने हे कान दाबतो. कान दाबले की खोबण वर येते, दस्ता उचलला जातो आणि नेम खाली उतरतो. सैल सोडले की उलट. हे काम किती बारीक आहे बघा. पुढच्या आणि मागच्या आधारात साधारण अर्धा मीटर अंतर असतं, टार्गेट १०० मीटरवर. म्हणजे मागे एक मिलिमीटरचा फरक पडला की पुढे २० सेंटिमीटर. केसाएवढा फरकही कागदावर सेंटिमीटरच्या वर दिसतो. म्हणून सगळं लक्ष पुढच्या चकचकीत स्टँडवर घालून मागे कुठली तरी उशी ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते. पैसे कमी असतील तर पुढची पिशवी घरी शिवा, पण मागची चांगली घ्या.

पिशवीत काय भरायचं यावरही मतं आहेत. वाळू स्वस्त आणि जड, पण ती नदीची, धुऊन कडकडीत वाळवलेली आणि बारीक चाळलेली हवी. समुद्राची नको, तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं आणि लोखंडाला गंज आणतं. प्लॅस्टिकचे मणी किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हलका, प्रवासाला बरा. स्पर्धावाले वाळूपेक्षा जड अशी झिरकॉनची वाळू भरतात. काहीही भरा, पण ठासून. पिशवी सैल राहिली तर प्रत्येक बाराला रायफल तिच्यात थोडी आणखी रुतते आणि पाचवी गोळी पहिलीपेक्षा वेगळ्या बैठकीवरून सुटते. बाहेरून चामडं सर्वात छान घसरतं, मात्र आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. कोकणात, घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी जाड कॅनव्हास किंवा कॉर्डुरा घेतला तर डोक्याचा ताप वाचतो.

मांडणी तपासायची एक खूण आहे आणि ती कुठल्याही महागड्या रेस्टलाही लागू पडते. रायफल रिकामी आहे याची बोल्ट उघडून खात्री करा. ती दोन्ही पिशव्यांवर ठेवून एकदा खाली दाबून बसवा. दुर्बिणीतली फुली बुलवर आणा. मग हलक्या हाताने रायफल पाच-सात सेंटिमीटर मागे घ्या, पुन्हा पुढे न्या. फुली बुलवरच राहिली तर पिशव्या टार्गेटच्या रेषेत आहेत. ती तिरकी पळाली तर एखादी पिशवी वाकडी आहे, आणि बार झाल्यावर रायफल तशीच तिरकी जाणार. आणखी दोन गोष्टी बघा. नळी कशालाही टेकता कामा नये, आधार फक्त लाकडाला. आणि पट्टा अडकवायची पुढची कडी पिशवीच्या पुढे इतकी जवळ नको, की धक्क्यात मागे येताना ती पिशवीला धडकेल किंवा अडकेल. ही कडी कित्येकांचे झिरो बिघडवते आणि तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

पिशव्यांच्या पुढची पायरी म्हणजे लोखंडी स्टँड. तीन पाय, मध्ये उंची वर-खाली करायचा जाड स्क्रू, तो पक्का करायचं चाक, वर छोटी पिशवी आणि समोर फोरएंड दरवेळी त्याच जागी यावा म्हणून एक अडसर. वजन आठ-दहा किलोच्या खाली असेल तर मला ते स्टँड संशयास्पद वाटतं. उंचीचं चाक हातमोजा घालूनही सहज फिरलं पाहिजे, आणि पक्कं केल्यावर हाताने हलवून ढिलं लागता कामा नये. दुकानात एवढं बघून घ्यावं. याचाच वरचा प्रकार म्हणजे एका दांडीने डावी-उजवी आणि वर-खाली दोन्हीकडे नेम नेणारे कोअक्सियल रेस्ट. इंडोनेशियात बनणारे ‘सेब’ रेस्ट या प्रकारात जगभर नावाजले गेले. ते सुंदर यंत्र आहे, पण वर्षातून दोनदा रायफल झिरो करणाऱ्याला त्याची गरज नाही.

दोन पायांचा टेकू, म्हणजे बायपॉड, घाईत उघडतो, मैदानावर उत्तम. सिमेंटवर मात्र उसळतो, त्याखाली चटईचा तुकडा घालावा. आणि पिशवीवर केलेला झिरो बायपॉडवर तसाच राहील असं धरून चालू नये.

एका प्रकाराबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण जाहिरातींत तोच सर्वात पुढे असतो. तो म्हणजे स्लेड. पुढचा आणि मागचा आधार एकाच लोखंडी सांगाड्यात, दस्ता मागच्या खोळीत बसतो आणि सांगाड्यावरच्या ट्रेमध्ये शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या ठेवायच्या. धक्का खांद्याऐवजी सांगाड्यात जातो. हे आकर्षक वाटतं यात नवल नाही. टेबलाशी बसून मारताना अंग पुढे झुकलेलं असतं, उभ्याने मारताना जसं ते मागे झुलतं तसं झुलत नाही, म्हणून तीच रायफल टेबलावर जास्त मारते आणि दहा-पंधरा गोळ्यांनंतर माणूस चाप ओढण्याआधीच आवळायला लागतो. खांदा दुखावलेल्यांना, नुकतं ऑपरेशन झालेल्यांना स्लेड खरोखर उपयोगी आहे. पण त्यावर पाऊण मण शिसं रचलं की रायफल मागे जाऊ शकत नाही आणि तिला मिळणारा सगळा धक्का दस्त्याच्या लाकडात आणि दुर्बिणीच्या कड्यांत मुरतो. जड बोअरच्या रायफलींचे लाकडी दस्ते मनगटाशी चिरल्याच्या आणि दुर्बिणीचे स्क्रू ढिले झाल्याच्या तक्रारी यातून येतात. शिवाय शिसं लादलेल्या स्लेडवरचा झिरो खांद्यावर आला की सरकतो. घ्यायचाच तर वजन कमीत कमी ठेवा, सांगाड्याला टेबलावर थोडं घसरू द्या.

रेस्टवरून किती बारीक मारता येतं याचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे देतो. १६ मे १९०१ रोजी कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे चार्ल्स रोलंड यांनी हॅरी पोप यांनी बनवलेल्या नळीतून २०० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. ग्रुप आला ०.७२५ इंच. १९७३ मध्ये मॅक मॅकमिलन यांनी १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा ०.००९ इंचांचा ग्रुप मारला आणि तो विक्रम चाळीस वर्षं टिकला. या दुसऱ्या आकड्यामागे बेंचरेस्ट हा खेळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्याच्या संघटना उभ्या राहिल्या आणि त्यांनी नियम केले ते फार शहाणपणाचे. पिशव्यांवरच्या गटांत रायफलीला वजनाची मर्यादा असते, हलक्या गटात साडेदहा पौंड. आणि बार झाल्यावर रायफल आपोआप पहिल्या जागी येईल असा यांत्रिक सांगाडा तिथे चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा मुक्त गट आहे. म्हणजे जगातले सर्वात लहान ग्रुप मारणारी माणसंही चामड्याच्या दोन पिशव्यांवरच मारतात. त्यातले कित्येक रायफलीला खांदाही लावत नाहीत. बोट फक्त चापावर, बाकी रायफल मोकळी.

आपल्याकडचं यश मात्र रेस्टशिवायचं आहे. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत टेकूला मनाई आहे. चामडी जॅकेट, पट्टा आणि गुडघ्यावर बसताना घोट्याखाली घ्यायची गुंडाळी, एवढ्यावर सगळं. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद मिळवलं ते असं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं तेही असंच. त्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. पण या पातळीवरच्या नेमबाजाची रायफल कधी ना कधी रेस्टवर जातेच. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी रेंज आहेत. तिथे नेमबाजाची रायफल पकडीत बसवून वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे उत्पादनाच्या वेगवेगळ्या खेपांची, काडतुसं ५० मीटरवर झाडतात आणि ज्या लॉटचा ग्रुप सर्वात लहान येतो तो त्या रायफलीसाठी निवडतात. एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या काडतुसांच्या दोन लॉटमध्येही फरक निघतो. पदकाच्या वेळी हात माणसाचा असतो, पण काडतूस टेकूवरून पारखलेलं असतं. आणि पॅरा नेमबाजीतल्या एसएच-२ गटाला, ज्यांचे हात रायफलीचं वजन पेलू शकत नाहीत, टेकू स्पर्धेतही मिळतो. तो मुद्दाम स्प्रिंगवर बसवलेला असतो, म्हणजे वजन पेललं जातं पण नेम खेळाडूलाच धरावा लागतो. टेकवण्याच्या या सगळ्या विद्येतला तो मला सर्वात न्याय्य टेकू वाटतो.

तेव्हा निवड. परवान्याची पॉइंट थ्री-वन-फाइव्ह असो, पॉइंट टू-टू असो की क्लबची रायफल, पहिली खरेदी म्हणून ठासून भरलेल्या दोन पिशव्या पुरतात आणि त्यात मागची कानांची असावी. पुढच्या वर्षी सवड झाली तर पुढच्या पिशवीखाली तीन पायांचं जड लोखंडी स्टँड घ्या. कोअक्सियल रेस्ट स्पर्धा खेळणार असाल तरच, स्लेड खांद्याची अडचण असेल तरच. उरलेले पैसे एकाच लॉटच्या काडतुसांवर घाला. परवाना असलेल्या रेंजवरच, कानाला मफ लावून आणि रेंज ऑफिसरच्या हुकमात मारा. आधी २५ मीटरवर कागदात या, मग १०० वर जा, दोन ग्रुपमध्ये नळी थंड होऊ द्या, आणि एका गोळीवरून क्लिक कधी फिरवू नका. झिरो बसला असं वाटलं की रेस्ट बाजूला ठेवा आणि ज्या पवित्र्यात तुम्ही खरोखर मारणार आहात त्या पवित्र्यातून पाच गोळ्या झाडा. त्यांचा मध्य सरकला असेल, तर शेवटचे क्लिक त्या पाच गोळ्यांवरून फिरवा.